वामनरावाचा हात

वामनराव मास्तरला मी खुर्चीवरून उठवलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी माझे डोळे भरून येतील म्हणून कोणी वाट पाहत बसायला नको. तोंडावर मी त्याला 'अहो मास्तरसाहेब' म्हणत असे. इथं म्हणणार नाही.

स्टेशनाचं नावही घेत नाही. बडनेरा आणि मूर्तिजापूर यांच्या मधलं एक लहान स्टेशन. एक फलाट, स्टेशनमास्तरचं क्वार्टर, आणि रुळांच्या पलीकडे आमची वाडी. आम्ही माळी. बाप वांगी, मेथी, शेवंती पिकवायचा आणि माझी माय मनकर्णाबाई सकाळच्या पॅसेंजरनं टोपल्या घेऊन अमरावतीच्या बाजारात जायची. टोपल्या फलाटावरून जायच्या, म्हणून त्यांतली चांगली वांगी आधी मास्तरच्या घरी उतरायची. ती कोणी मागितली नव्हती. पण एक दिवस दिली नाहीत, तर त्या दिवशी टोपलीचं वजन नेमकं जास्त भरायचं.

मी अमरावतीला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलो होतो. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं. कचेरीत चिकटायचं तर नागपूरला कोणी तरी ओळखीचं लागे, आणि आमच्या ओळखी सगळ्या बाजारातल्या. रेल्वेत मात्र सिग्नलरच्या जागा निघत. सिग्नलर म्हणजे झेंडी दाखवणारा नव्हे. तो तारेवर बसायचा. पुढच्या स्टेशनाला तारेनं विचारायचं, लाइन मोकळी आहे का. होकार आला की गाडी सोडायची. गावात त्याला तारबाबू म्हणत. तारबाबूचा पुढे असिस्टंट मास्तर होई आणि नशीब असेल तर मास्तर. माझ्या मायनं वामनरावाच्या क्वार्टरसमोर पदर पसरून मला शिकाऊ म्हणून ठेवून घ्यायला लावलं.

कायदा असा होता, की शिकाऊनं मास्तरच्या हाताखाली शिकायचं आणि मास्तरनं इन्स्पेक्टरला तोंडानं सांगायचं, की हा तयार आहे. तो शब्द मिळाला की अकोल्याला परीक्षा. तो शब्द नसेल तर तुम्ही विजेसारखी तार चालवत असाल, तरी अकोल्याच्या त्या दारात कोणी उभं करत नसे. माझी सगळी नोकरी वामनरावाच्या जिभेवर होती, आणि हे त्याला माझ्याआधी समजलं होतं.

पहिले काही महिने मी त्याच्या घरचं पाणी भरलं, त्याच्या गायीचा चारा आणला. मग एक दिवस त्यानं मला तारयंत्राच्या किल्लीजवळ, म्हणजे बोटानं दाबायच्या दांडीजवळ, बसू दिलं. तारेवरचं अक्षर म्हणजे ठिपके आणि रेघा, कट्ट आणि कडकट्ट. पुस्तकात ती सगळ्यांना सारखीच. पण चालवणाऱ्याचं बोट निराळं असतं. कोणी रेघ लांबवतो, कोणी दोन शब्दांमध्ये दम खातो. माणूस चालीवरून ओळखू यावा तसा तारबाबू तारेवर ओळखू येतो. याला सगळे 'हात' म्हणत. वामनरावाचा हात भुसावळपासून नागपूरपर्यंत नावाजलेला होता. मोकळा, भरभर, एकही अक्षर एकात एक न अडकणारा. बडनेऱ्याचे कमलाकांतबाबू म्हणत, वामनराव तारेवर आले की लिहून घ्यायलाही मजा येते. खरं ते खरं. त्या माणसात चांगलं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

मला दुसरा हात ठाऊकच नव्हता. मी दिवसभर त्याचाच ऐकला आणि तोच उचलला. वर्षभरात असं झालं, की मी किल्लीवर बसलो तरी कमलाकांतबाबू 'रामराम वामनराव' म्हणायचे. मास्तरला ते ऐकून आधी गंमत वाटली. मग सोय वाटली. गावात कापसाच्या जिनवाल्या शेठकडे बुद्धिबळाचा डाव मांडलेला असे. मास्तर जेवून तिकडे जायचा आणि चहाच्या वेळी परत यायचा. मागे गाड्या मी सोडत असे. शिकाऊनं गाडीची तार पाठवणं हा मोठा गुन्हा. पण तारेवर वामनराव हजर होते, तेव्हा विचारणार कोण? पुढे सकाळच्या, रात्रीच्या ताराही माझ्याकडेच आल्या. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत त्यानं किल्लीला बोट लावलं नाही.

मग इन्स्पेक्टरसाहेब दौऱ्यावर आले. मायनं त्यांच्यासाठी टोपलीत वेगळी वांगी काढून ठेवली होती आणि ती फलाटावर माझ्याशेजारीच उभी होती. साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, "अकोल्याच्या परीक्षेला पाठवण्याजोगं कोणी आहे का? एक जागा निघते आहे."

"आहे ना," वामनराव म्हणाला. "माझा भाचा बंडू. महिनाभर माझ्याजवळ बसतो आहे."

"आणि हा?" साहेबांनी माझ्याकडे मान वळवली.

वामनराव हसला. "हा? हा भाजी आणून देतो. हात पाहा ना त्याचे."

साहेबांनी माझे हात पाहिले. सकाळीच मी शेवंतीला पाणी दिलं होतं. साहेबही हसले. आणि ते हसले म्हणून माझी मायही हसली. तिला इंग्रजी कुठलं येतं? तिला वाटलं, मास्तरनं पोराबद्दल काही चांगलं सांगितलं. दोन्ही हात जोडून ती साहेबांकडे पाहत हसत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, "काय म्हटलं रे बाबू, सायबानं?"

साहेबांपुढे तोंड उघडलं असतं, तर दोन वर्षं गाड्या मी सोडल्या हे सांगावं लागलं असतं, आणि आधी मीच आत गेलो असतो. पण तिचं ते हसणं पाहून जे पेटलं ते विझलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला मी मातीत घालीन.

साहेब गेल्यावर वामनराव मला म्हणाला, "तोंड वाकडं करू नकोस. पुढच्या वर्षी बघू. तू गेलास तर इथं किल्लीवर कोण बसेल?"

"तुमी बसा न, मास्तरसायेब," मी म्हटलं. "खुर्ची तुमचीच हाये."

त्याला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी काहीच केलं नाही, हाच माझा सूड होता. वाडीत वांग्यांना माती लावत बसलो.

आठवडाभरानं मात्र मायच्या टोपल्या उचलायला फलाटावर गेलो. तारेची खोली फलाटावरच, खिडकी उघडी. मी खिडकीखाली टोपलीला टेकून बसलो आणि ऐकू लागलो. आत वामनराव बडनेऱ्याला लाइन विचारत होता. अरे देवा, काय ते ऐकणं. रेघ सुरू करायचा आणि मध्येच सोडायचा. ठिपका द्यायला जावं तर बोट किल्लीवरच बसून राहायचं. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि पलीकडून कमलाकांतबाबूंचा सरळ, स्वच्छ हात आला: "कोण बसलंय? शिकाऊ दिसतोस. वामनरावांना बसव."

वामनरावानं पाठवलं, "मीच वामनराव."

"थट्टा पुरे," बडनेऱ्यानं कळवलं. "गाडी उभी आहे."

मी टोपलीवर डोकं ठेवून हसलो. मायनं विचारलं, "कायले हासून राहिला रे?" मी म्हटलं, "काई नाई, मास्तरसायेब शिकून राहिले." त्या दिवसापासून मी रोज टोपल्या उचलायला जाऊ लागलो. मला कधी कुठल्या कीर्तनात इतका आनंद झाला नव्हता.

त्यानं बोलावणी पाठवली. आधी हमालाबरोबर हुकूम, मग दिवाळीचा चिवडा, मग बायकोकडून निरोप. मी गेलो नाही. बंडू अकोल्याला परीक्षेत आपटला आणि घरी गेला, हेही त्याच सुमारास कानावर आलं. मग एका सकाळी वामनराव स्वतः वाडीत आला. धोतर एका हातानं वर धरून वांग्यांच्या सऱ्या ओलांडत होता. बांधावर येऊन उभा राहिला. बापानं घोंगडी टाकली, ती मी उचलली.

"देवीदास," तो म्हणाला, "माझी तक्रार झाली आहे."

"काहून?"

"माझ्या किल्लीवर कोणी परका, न शिकलेला माणूस बसतो म्हणे."

"मंग सांगा न त्यायले, का मीच बसून राहिलो म्हणून."

"सांगितलं. कोणी ऐकत नाही." हे बोलताना त्यानं खाली पाहिलं. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. ऐकू आलं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

मग मुद्द्यावर आला. उद्या दुपारी इन्स्पेक्टरसाहेब बडनेऱ्याला कमलाकांतबाबूंच्या शेजारी बसून स्वतः ऐकणार होते. वामनरावाचा हात ऐकू आला तर तक्रार फाडून टाकणार, नाही तर नोकरी जाणार. काहीही झालं तरी संध्याकाळच्या पॅसेंजरनं साहेब इथं येणारच होते.

"तू बस," वामनराव म्हणाला. "फक्त उद्या. साहेब आले की मी तुझं नाव सांगतो. बंडूची जागा रिकामीच आहे. देवाशपथ सांगतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याची गरज इतकी मोठी होती, की खोटं परवडणारं नव्हतं. म्हणजे नोकरी माझ्या हातात आली होती. उद्या गप बसून त्याचा हात चालवायचा, की परवापासून मी सिग्नलर. आणि उद्या त्याला बुडवलं, तर मला शब्द देणारा एकमेव मास्तर मी स्वतःच बुडवलेला असणार. दुसरा कोणता मास्तर असल्या पोराला शेजारी बसवील?

संध्याकाळी बाजारातून आल्यावर माय म्हणाली, "जाय बाबू. तो आपल्या दारात आला न? आता सोड. नोकरी मियाली म्हंजे झालं."

"जातो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्चीवर बसलो. तो माझ्या उजव्या खांद्याशी उभा, हातात उपरणं. यंत्र बोलू लागलं. बडनेऱ्यानं हाक दिली, मी ओ दिली. दोन-तीन नेहमीच्या तारा गेल्या. कमलाकांतबाबूंनी पाठवलं, "हे आले आमचे वामनराव. इतके दिवस कुठं होतात?" वामनरावानं उपरण्यानं कपाळ पुसलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्यानं मारायला नको होती. गाय दूध देऊन राहिली की तिच्या पाठीवर तो अशीच मारत असे.

मग दुसरा हात तारेवर आला, जड आणि सावकाश. ते इन्स्पेक्टरसाहेब होते. "किल्लीवर कोण आहे, त्यानं पूर्ण नाव द्यावं."

"दे," वामनराव कुजबुजला. "माझं नाव दे."

मी क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. नोकरी मला हवी होती. टोपी हवी होती, महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता, मायनं बाजारात बसणं थांबायला हवं होतं. पण त्याहून मला तो माझ्या बाजूला कोसळलेला हवा होता. मी पाठवलं: "किल्लीवर देवीदास, भाजीवाला. दोन वर्षं मीच आहे. वामनराव शेजारी उभे आहेत. त्यांना बसवा आणि ऐका."

तो जाणता होता. शब्द जाता जाताच त्याला कळत होते. त्यानं माझं मनगट धरलं, पण तोवर शेवटचा शब्द बडनेऱ्याला पोचला होता. एवढ्या चपळाईनं तार मी त्याआधी कधी चालवली नव्हती.

मग साहेबांचा जड हात आला: "वामनराव, बसा."

मी उठलो. तो बसला. त्यानं बोटं चोळली, दोनदा किल्लीवर ठेवली आणि उचलली. मग नाव पाठवू लागला. स्वतःचं नाव, आणि तेही त्याला एका दमात जाईना. मधल्या अक्षरात अडकला, खोडून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकला. बडनेऱ्यानं त्याला थांबवलं. साहेबांनी एकच शब्द पाठवला: "पुरे."

वामनराव हात किल्लीवर ठेवून बसून राहिला. "हात होता रे माझा," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मला कीव आली नाही. मी बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं आणि भुकेलेल्या माणसासारखी शिदोरी खाल्ली.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं साहेब उतरले. त्यांच्याबरोबर बदलीचा एक मास्तरही होता. त्याच गाडीनं माझी माय रिकाम्या टोपल्या घेऊन अमरावतीहून परत आली. साहेबांनी वामनरावाला फलाटावरच चार्ज द्यायला सांगितलं. खोलीत जाऊ दिलं नाही. मग माझ्याकडे वळले. या वेळी ते मराठीत बोलले.

"आणि तू. परीक्षा नाही, परवाना नाही, आणि दोन वर्षं गाड्या सोडतोस? माणसं मेली असती म्हणजे?"

"एकबी नाई मेलं, सायेब."

"तुझा हात चांगला आहे. पण तू कोणाच्या हाताखाली शिकलास, कोणाच्या हुकमानं चालवलंस, हे सांगणारा मास्तर कुठं आहे? तुला अकोल्याला पाठवू तर कोणाच्या शब्दावर? आणि नाही पाठवायचं, तर मग तुला पोलिसात द्यायला हवं."

मला ठाऊकच होतं, हे असं होणार. मी त्यासाठी तयार होऊन आलो होतो. वामनराव गेला आणि मीही गेलो, हिशोब मला मान्य होता. मायच्या हातातल्या टोपल्या मात्र खाली पडल्या.

तेव्हा वामनराव पुढे आला. टोपी काढलेली, उपरणं नीट घडी करून खांद्यावर. "शब्द माझा घ्या, साहेब," तो म्हणाला. "चार्जची सही होईपर्यंत मी अजून कंपनीचा मास्तर आहे. हा माझा शिकाऊ. मी शिकवला, मी बसवला, माझ्या हुकमानं त्यानं तारा पाठवल्या. गुन्हा सगळा माझा. पोरगा तयार आहे. परीक्षेला पाठवा."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. मघाची करडी नजर मवाळ झाली. मी ओरडून सांगणार होतो, की मला याचा शब्द नको. पण शब्द नको म्हणजे पोलीस. आणि वामनराव इकडे साहेबांना उद्देशून बोलत होता, तरी पाहत माझ्याकडे होता. त्या नजरेत पश्चात्ताप नव्हता. इतकी वर्षं मी त्याच्या हाताखाली राहून त्याला ओळखायला शिकलो होतो. त्याचा हात आता त्याच्या बोटांत उरला नव्हता, तो माझ्यात होता. मी आत गेलो असतो, तर तो कायमचा संपला असता. मी नोकरीला लागलो, की भुसावळ ते नागपूर सगळे रोज म्हणणार होते, हा वामनरावाचा चेला. मी त्याला मातीत घातला होता आणि तो माझ्या डोक्यावर बसायला निघाला होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "सोमवारी अकोल्याला ये."

वामनराव माझ्या मायकडे वळला. मोठ्यानं, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं, तिला समजेल अशा भाषेत म्हणाला, "मनकर्णाबाई, तुझा पोट्टा लागला बरं का नोकरीला. मी लावून दिला."

माझी माय फलाटावर पसरली. त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "तुमचे उपकार मी कसे फेडू, मास्तरसायेब?" त्यानं तिला उठवलं नाही. पुरतं रडू दिलं.

मग ती उठली आणि माझा दंड धरला. "पाया पड," ती म्हणाली. "उभा काय राहून राहिला? गुरू हाय तो तुया. पड म्हनतो न."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबही वाट पाहत होते. नवा मास्तर वाट पाहत होता. हमाल ओझी टेकवून उभे होते.

मी वाकलो. वामनरावानं आशीर्वादासाठी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता ठेवलेला दिसला असेल. पण माझ्या टाळूवर त्याचं एक बोट हललं. ठिपका, रेघ, रेघ. सावकाश, नीट, त्यानं स्वतःचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलं, आणि या वेळी तो कुठंच अडखळला नाही.